छपरीवर काय घालावे?

होळी झाली की आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात ऊन चढू लागते आणि घराघरांत एकच विषय निघतो: यंदा दारापुढे काहीतरी घालायलाच हवे. कुणी मांडवाच्या बल्ल्या शोधतो, कुणी सौंसरला जाऊन टिनाचा भाव विचारून येतो, कुणाचा मुलगा नागपूरला कामाला असतो, तो तिकडे पाहिलेल्या रंगीत प्लास्टिकच्या पत्र्याचे वर्णन करतो. बोरगावात आता पक्क्या भिंतीची आणि स्लॅबची घरे पुष्कळ झाली. घर पक्के झाले ही चांगलीच गोष्ट आहे. पण जुन्या मातीच्या घराला जी खोल छपरी असे, कोणी तिला सपरी म्हणतात, कोणी ओसरी, ती या नव्या घरांना बहुधा नसते. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत घराचे क्षेत्र स्वयंपाकाची जागा धरून निदान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट सांगितले आहे. तेवढ्यात दोन खोल्या होतात. छपरी ज्याची त्याने करायची.

आणि छपरीवाचून शेतकऱ्याचे चालत नाही. म्हाताऱ्या माणसांची खाट तिथे, पाहुण्यांचे बसणे तिथे, कापसाचे वजन तिथे, तुरी निवडणे तिथे, संत्र्याची लहान-मोठी फळे वेगळी करणे तिथे आणि संध्याकाळची जपमाळही तिथेच.

आम्ही स्वतः पहिली छपरी केली ती चुकीची केली, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घराचे दार पश्चिमेला. पैसे थोडे होते म्हणून खांब आखूड घेतले, त्यावर टिन जवळजवळ आडवेच टाकले आणि भिंतीला घट्ट भिडवून सिमेंटने फट बुजवून घेतली, पाणी येऊ नये म्हणून. पाणी आले नाही. पण मे महिन्यात एका दुपारी आमची आई त्या सावलीत बसलेली असताना तिला घेरी आली, अंग तव्यासारखे तापले, बोलणे असंबद्ध झाले. ओल्या कपड्याने अंग पुसत, वारा घालत तिला दवाखान्यात नेले. ती वाचली. डॉक्टरांनी विचारले, उन्हात गेल्या होत्या का? आम्ही म्हटले, नाही, सावलीत बसल्या होत्या. तेव्हा आम्हाला कळले की आम्ही पैसे खर्च करून भट्टी बांधली होती. तेव्हापासून कुणी छपरीचा सल्ला विचारला की आम्ही पत्र्याचे नाव नंतर काढतो, आधी विचारतो: दार कुठल्या दिशेला आहे, आणि दुपारी ४ वाजता तिथे कोण बसते?

आधी ऊन पाहावे

आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली जाते. त्या वेळी वर काहीही घातले तरी सावली मिळते. त्रास देते ते नंतरचे, कलते ऊन. छपरीची वळचण जमिनीपासून ७ फूट उंच आहे असे धरा. पश्चिमेच्या छपरीत दुपारी ३ वाजता ऊन सुमारे साडेपाच-सहा फूट आत येते. ४ वाजता ते ९ फुटांवर जाते, आणि ५ वाजता घराच्या भिंतीवर चढते. म्हणजे १० फूट खोल छपरी बांधूनही चार वाजता खाट ठेवायला जागा उरत नाही. वर सोन्याचा पत्रा घातला तरी यात फरक पडणार नाही. पश्चिमेला वरच्या छपराइतकाच बाजूचा आडोसा लागतो. बांबूचे तट्टे, ओले केलेले पोते, वाळ्याचे ताटे किंवा हिरवी जाळी वळचणीला अशी टांगावी की दुपारी खाली सोडता येईल आणि सूर्य मावळला की गुंडाळून वर बांधता येईल.

दक्षिणेच्या छपरीचे गणित याच्या उलट आणि फार सोयीचे आहे. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य आपल्याकडे आकाशाच्या अर्ध्यावरच, ४५ अंशांवर असतो. वळचण ७ फुटांची असेल तर थंडीत ऊन नेमके ७ फूट आत येते आणि उन्हाळ्यात ते आत येत नाही. ज्यांना घर बांधतानाच दिशा निवडता येते त्यांनी म्हाताऱ्यांची आणि बाळंतिणीची जागा दक्षिणेला ठेवावी. पूर्वेची छपरीही चांगली, तिथे सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतच ऊन सोसावे लागते, पुढे दिवसभर सावली. ज्यांचे दार आमच्यासारखे पश्चिमेलाच आहे त्यांनी घरापासून १५-२० फुटांवर एक कडुनिंब लावावा. कडुनिंबाची पाने झडतात ती माघ-फाल्गुनात आणि चैत्रात तो पुन्हा हिरवागार होतो, नेमका आपल्याला हवा तेव्हा.

वेलाच्या मांडवाबद्दल लोकांचा एक गैरसमज दिसतो. वाल, दोडके, कारले पावसाळ्याच्या सुरुवातीला लावले तर मांडव श्रावण-भाद्रपदात भरतो, आणि वैशाखात नुसत्या वाळक्या दोऱ्या लोंबतात. भाजी मिळते, पण उन्हाळ्याची सावली मिळत नाही. गुळवेलही उन्हाळ्यात पाने टाकते. सावलीसाठीच वेल हवा असेल तर मधुमालती लावावी आणि न्हाणीचे पाणी तिच्या बुडाशी सोडावे.

टिन

बहुतेकांची गाडी शेवटी टिनावरच येते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. टिन हलके असते, लवकर चढते, माकडांनी फुटत नाही आणि जागा बदलली तर काढून नेता येते. त्याचा दोष एकच, ते तापते आणि तापले की खाली बसलेल्याच्या डोक्यावर उष्णता सोडते. मात्र रात्री ते लवकर निवते. स्लॅब दिवसभर उष्णता पिऊन घेतो आणि मध्यरात्रीपर्यंत परत देत राहतो, त्यामुळे उन्हाळ्यात रात्री झोपायला घरातल्या खोलीपेक्षा टिनाची उघडी छपरी बरी वाटते.

टिनाची छपरी घराच्या बाजूला साडेनऊ फूट आणि वळचणीला साडेसात फूट असावी, म्हणजे १० फूट खोलीला २ फूट उतार मिळतो. उंची वाढली की ताप डोक्यापासून दूर जातो. टिन भिंतीला भिडवू नये. स्लॅबच्या छज्ज्याखाली ते घ्यावे आणि मध्ये वीतभर फट मोकळी सोडावी, तापलेली हवा तिथूनच बाहेर पडते. पाऊस छज्ज्यावरून टिनावर उतरतो, आत येत नाही. आमची पहिली चूक हीच होती की आम्ही ती फट बुजवली.

टिनाच्या खाली अर्धा-पाऊण फूट अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधले तर बसणाऱ्याला फार मोठा फरक जाणवतो. मधल्या पोकळीची दोन्ही टोके मात्र उघडी हवीत. वरून चुन्याचा पांढरा हात मारणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कळीचा चुना विझवून, गाळून, त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालून फाल्गुनात दोन हात मारावेत. पांढऱ्या रंगावरून ऊन परत फिरते. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, पुढच्या वर्षी पुन्हा मारावा लागतो. ही काही गरिबाची तडजोड नव्हे. अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आखली, पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये छपरे पांढरी करण्याचे काम झाले. तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच काढले. बैलांच्या कोठ्यावर आणि कोंबड्यांच्या खुराड्यावरही हाच हात मारावा. संकरित गाई उष्णतेने चारा कमी खातात आणि दूध आटते, हे ज्यांच्याकडे गाई आहेत त्यांना सांगायला नको.

आता वाऱ्याविषयी. आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठात वादळ येते ते टिनावर नुसते वरून दाबत नाही, खालून शिरून उचलते. म्हणून पुष्कळ लोक टिनावर दगड किंवा जुने टायर ठेवतात. हे दोन्ही वाईट. दगड वादळात घरंगळून खाली येतो तेव्हा खाली कोण आहे ते पाहत नाही. टायरमध्ये पावसाचे पाणी साचते आणि त्यात डेंग्यूचा डास वाढतो, तोही घराच्या अगदी डोक्यावर. टिन आकड्याच्या बोल्टाने, खाली रबराची चकती घालून, आडव्या पाइपाला आवळावे. भोक नेहमी पन्हाळीच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात पाडले तर तिथूनच गळते. वळचणीच्या ओळीत बोल्ट दाट घ्यावेत, कारण वारा तिथूनच हात घालतो. पावसाचा वारा आपल्याकडे पश्चिमेकडून येतो, म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून लावत जावेत, म्हणजे शेवटचा पत्रा पश्चिमेचा आणि सर्वांच्या वर येतो.

विजेची तार टिनाला कधीही टेकू देऊ नये. खांबावरून घरात येणारी तार वाऱ्याने हलून हलून टिनाच्या कडेवर घासते, वरचे आवरण जाते, आणि पहिल्या पावसात ओल्या हाताने कुणी छपरीच्या लोखंडी खांबाला धरले की अनर्थ होतो. तार वेगळ्या खांबावरून उंच न्यावी. छपरीत कूलर ठेवणाऱ्यांनी अर्थिंग तपासून घ्यावे आणि पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढावा.

सिमेंटचे पत्रे

टिनापेक्षा हे कमी तापतात म्हणून पुष्कळांनी कोठ्यावर आणि छपरीवर घातले आहेत. जुन्या पत्र्यांत सिमेंटबरोबर अॅस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू असतात. पत्रा अखंड आहे, कोणी त्याला हात लावत नाही, तोवर तंतू सिमेंटमध्ये अडकलेले राहतात. पत्रा कापला, भोक पाडले, फुटला, घासला की ते मोकळे होऊन हवेत उडतात. ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसातून बाहेर येत नाहीत. यातून फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आणि फुप्फुस ताठ होण्याचा रोग होतो, आणि तो दिसून येतो २०, ३०, कधी ४० वर्षांनी. जागतिक आरोग्य संघटनेने या खनिजाचे सर्वच प्रकार कर्करोगकारक म्हटले आहेत. युरोपातील देशांच्या संघाने २००५ पासून त्याचा वापर बंद केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याविषयी निकाल देताना त्यांच्या तपासणीच्या नोंदी ४० वर्षे जपून ठेवायला सांगितल्या. रोग इतक्या उशिरा दिसतो, म्हणूनच.

मग ज्यांच्या घरावर हे पत्रे आहेत त्यांनी काय करावे? घाबरून ते उतरवू नयेत, उतरवतानाच ते फुटतात. शेवाळ काढायला कोरड्या ब्रशने घासू नये. वर चढू नये, नाही तर पत्राही मोडतो आणि माणूसही खाली येतो, असे अपघात पुष्कळ होतात. काढायचेच झाले तर पाणी मारून ओले करावे, बोल्ट सोडवून अखंड पत्रा दोघांनी उतरवावा, नाका-तोंडावर चांगला मास्क असावा आणि मुलांना तेवढा वेळ शेजारी पाठवावे. फुटके तुकडे वाटेवर भर म्हणून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी. गाडीच्या चाकाखाली त्यांचे पीठ होते आणि तेच मुलांच्या नाकात जाते. नवी छपरी करणाऱ्याने हे पत्रे घेऊच नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. अॅस्बेस्टॉस नसलेले सिमेंटचे पत्रेही निघाले आहेत, पण ते घेताना दुकानदाराच्या शब्दावर न जाता पत्र्यावरचा छाप आणि पावती पाहावी.

कवेलू

कवेलूसारखी सावली दुसऱ्या कशाची नाही. जाड माती, मधल्या फटींतून खेळणारी हवा, टिनासारखा पावसाचा आवाज नाही. इंग्रजी कवेलू म्हणतात त्यांचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. बासेल मिशनच्या जर्मन लोकांनी १८६५ साली मंगळूरजवळ जेप्पू येथे त्यांचा कारखाना काढला आणि तिथून ते देशभर पसरले, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्यांना मंगलोरी कौले म्हणतात. देशी गोल कवेलू तर आपल्याच कुंभारांच्या हातचे.

पण दोन अडचणी आहेत. पहिली माकडांची. लंगूरांची टोळी एकदा छपरावरून गेली की दहा-वीस कवेलू फुटलेच. संत्र्याच्या बागा असलेल्या गावांत ही तक्रार विशेष ऐकू येते, आणि लोकांनी कवेलू उतरवून टिन घातले त्याचे एक कारण हेच. दुसरी अडचण उताराची. कवेलूला दर २ फुटांना निदान १ फूट उतार हवा, नाही तर पाणी उलटे चढून आत येते. १० फूट खोल छपरीला ५ फूट उतार झाला. वळचण ७ फुटांवर, म्हणजे वरची बाजू १२ फुटांवर जाते, आणि आपल्या स्लॅबच्या घराची भिंत असते १० फूट. तिथे ६ फूट खोल छपरीच बसते. जास्त जागा हवी असेल तर भिंतीला न टेकवता अंगणात वेगळा, दोन पाखांचा मांडव उभारावा. ज्यांच्या जुन्या घराचे चांगले कवेलू उतरलेले कोपऱ्यात पडून आहेत त्यांनी तरी तो विचार जरूर करावा. दर वर्षी मृगाआधी ते फेरावे लागतात, आणि ते काम जाणणारी माणसे आता गावात किती उरली हेही आधी पाहून घ्यावे.

गवत, पऱ्हाटी, तुराटी

चार महिन्यांपुरता मांडव घालायचा तर यात काही वाईट नाही. थंडाव्यात तो टिनाला मागे टाकतो. चूल आणि मांडव यांत चांगले १०-१२ फूट अंतर ठेवावे, आणि पहिल्या पावसाआधी तो उतरवावा. परंतु एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मांडवावर पऱ्हाटी घालू नये. कापूस वेचून झाल्यावर झाडाला जी किडकी, न उमललेली बोंडे चिकटून राहतात त्यांत गुलाबी बोंडअळी झोपून राहते. उन्हाळाभर ती मांडवावर किंवा जळणाच्या ढिगात सुखाने पडून असते आणि पावसाळा लागला की तिचे पतंग आपल्याच नव्या कपाशीवर येतात. या अळीला बीटी कपाशीचे विष बाधेनासे झाले आहे. २०१७ च्या हंगामात शेजारच्या विदर्भात तिने कपाशीचे केवढे नुकसान केले ते आपण सर्वांनी पाहिले. फरदड न घेता डिसेंबर-जानेवारीत पीक संपवावे आणि पऱ्हाटी शेतातच बारीक करून कुजवावी असे कृषी खाते सांगते, त्यामागचे कारण हे आहे. आपण ती घरी आणून छपरावर चढवली तर अळीला पाहुणचारच केला. मांडवाला तुराट्या घ्याव्यात. तुरीची काडी सरळ असते, बांधायला सोपी असते, आणि बोंडअळीचा तिच्याशी संबंध नाही.

मांडवाचे बांबू स्वतःच्या बांधावरचे असतील तर उत्तम. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेर लावलेला बांबू कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून निघाला आहे. बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडावा आणि दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. त्याच्या रसातला गोडवा पाण्यात उतरतो आणि पोखरणाऱ्या किड्याला खायला काही उरत नाही. खांब मातीत गाडला की वाळवी लागते, म्हणून बूड दगडावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर ठेवावे.

प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे दिसायला छान, पण त्यांतून ऊन आत येते आणि उष्णता आत कोंडते. स्वयंपाकाच्या अंधाऱ्या कोपऱ्यावर एखादा लावला तर उजेडाची सोय होते, सगळी छपरी त्याची करू नये. हिरव्या जाळीतून हवा खेळते, ती स्वस्तही आहे, पाऊस मात्र अडत नाही. पुढे छपरीवर स्लॅब टाकायचा विचार असेल तर त्याच्या सळ्या घराच्या स्लॅबबरोबरच सोडून ठेवाव्या लागतात, मागून जोडलेला स्लॅब भरवशाचा नसतो.

पैसे थोडे असतील तर आमचा सल्ला असा: खांब आणि आडवे पाइप चांगले, उंच घ्यावेत, कारण ते पुन्हा बदलता येत नाहीत. पहिल्या वर्षी वर तुराट्या घालाव्यात, पुढच्या दिवाळीला कापसाचा पैसा हाती आला की टिन घ्यावे, आणि त्याच तुराट्या तपासून, वाळवी नसेल तर, टिनाच्या खाली तट्ट्यांसारख्या बांधाव्यात. हे सारे काम मृग लागायच्या आत संपवावे.

वळचणीला पन्हळ लावायला विसरू नये. १० फूट खोल आणि २० फूट लांब छपरीवर एक इंच पाऊस पडला तर साडेचारशे लिटरच्या वर पाणी उतरते. ते भिंतीच्या बुडाशी पडले तर पाया खचतो, टाकीत घेतले तर गुरांच्या दोन-चार दिवसांच्या पाण्याची सोय होते. पहिली सर छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येते, ती वाहू द्यावी. पन्हळीत पाला अडकला की तिथेही डास होतात, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तिच्यातून हात फिरवावा. आणि पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा छत्री घेऊन अंगणात उभे राहावे, पाणी नेमके कुठे पडते आणि कुठे खड्डा करते ते पाहून घ्यावे, आणि उघडीप झाली की तिथे दगड बसवून टाकावेत.